टाइट एंडचा टॅकल होताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा रविवारचा मेसेज वाचला. कोचनी बोलावून घेतलं, दार लावलं आणि सांगितलं की या स्प्रिंगला, म्हणजे वसंतातल्या सरावाला, टाइट एंडऐवजी (जो झेलही घेतो आणि समोरच्याला अडवतोही) ऑफेन्सिव्ह लाइनबरोबर, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना समोरच्यांना थोपवणाऱ्या पाच जणांच्या फळीबरोबर, सराव कर, त्या फळीच्या टोकाचा टॅकल म्हणून कसं जमतं ते बघू. तू "दोन दिवसांत सांगतो" म्हणून बाहेर पडलास. फार चांगलं केलंस. अशा वेळी तोंडावर हो म्हणून नंतर महिनाभर कुढत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि तिथल्या तिथे नाही म्हणून कोचच्या मनातून उतरलेलीही. दोन दिवस मागून घेण्याचं सुचतं फार थोड्यांना.

मी कोच नाही, हे तुला माहीतच आहे. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या मुलांनी काय आणि किती खायचं हे बघणं माझं काम. पण ज्याची जागा बदलते तो मुलगा कोचच्या खोलीतून निघाला की बहुतेक वेळा आधी माझ्याकडेच येतो, कारण जागा बदलली की वजनही बदलावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये माझ्या टेबलासमोर अशीच मुलं बसलेली असतात. हे पत्र आई-बाबांनाही वाचायला दे. तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी त्यांच्यासाठी जरा उलगडून लिहिल्या आहेत, तिथे कंटाळू नकोस.

माझं मत आधीच सांगते. हो म्हण. पण "कोच म्हणतात म्हणून" असं ओढूनताणून नको. कागद-पेन्सिल घेऊन बस, मोज आणि मग हो म्हण.

तुझ्या मेसेजमध्ये एकच गोष्ट फिरून फिरून आली आहे: "म्हणजे मी टाइट एंड म्हणून कमी पडलो." थोडा कमी पडला असशीलही, ते मी नाकारत नाही. झेल घेऊन सुटण्याचा जो वेग लागतो तो तुझ्याकडे नाही, आणि हे तुलाही कळतं. पण स्प्रिंगला जागा बदलतात तेव्हा कोचसमोर एकट्या तुझा प्रश्न नसतो, सगळ्या संघाचा हिशेब असतो. डिसेंबर-जानेवारीत शेवटच्या वर्षाची मुलं जातात, काही पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दुसरीकडे जातात, काही येतात, आणि हायस्कूल लवकर संपवलेली नवी मुलं जानेवारीतच दाखल होतात. फेब्रुवारीत कोचमंडळी फळ्यासमोर बसली की कुठल्या जागेवर गर्दी आहे आणि कुठे माणूसच नाही, हे त्यांना लख्ख दिसतं.

तूही तो फळा आज रात्री मांड. एका बाजूला टाइट एंडची सगळी नावं लिही आणि प्रत्येकापुढे त्याचे किती हंगाम उरलेत ते लिही. तू सांगितलंस त्यावरून तुम्ही सहा जण आहात, त्यांतले दोघे तुझ्या पुढे, आणि दोघंही तुझ्याहून वर्षाने लहान. मैदानावर बहुतेक खेळींना टाइट एंड एकच असतो, कधीकधी दोन. तुझे तीन हंगाम शिल्लक आहेत आणि त्या दोघांचेही तितके तरी आहेतच. मग तुझी पाळी कधी? आता दुसऱ्या बाजूला टॅकल लिही. हे दोन लागतात, दर खेळीला, पहिल्या स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू होते तिथपासून, शेवटच्या स्नॅपपर्यंत. तुमचे पहिले दोन्ही टॅकल पुढच्या डिसेंबरात संपतात, तिसऱ्याच्या खांद्याची जानेवारीत शस्त्रक्रिया झाली आहे, आणि बाकीची दोन पोरं अजून शाळकरी वयाची आहेत. कोचनी फळ्यावर हेच पाहिलं. मग त्यांना सहा फूट पाच इंच उंचीचा, लांब हातांचा एक मुलगा दिसला, ज्याची धाव टाइट एंडमध्ये मागे पडते पण लाइनमध्ये सगळ्यांच्या पुढे जाईल. गेल्या हंगामात व्हिडिओ लावून तुझ्या ज्या खेळींचं सगळ्यांसमोर कौतुक झालं त्या सगळ्या ब्लॉकिंगच्या, म्हणजे समोरच्याला अडवण्याच्या, होत्या, हे तूच मला ऑक्टोबरमध्ये फोनवर सांगितलं होतंस.

आता तुला मिशिगनमधल्या माउंट प्लेझंट गावची, सेंट्रल मिशिगन विद्यापीठाची गोष्ट सांगते. जागा बदलायला सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला मी ती सांगते.

जो स्टेली तिथे २००३ मध्ये टाइट एंड म्हणून खेळायला लागला. शाळेत दोनशे मीटर पळणारा सडसडीत पोरगा. पुढच्या वर्षी ब्रायन केली हे नवे मुख्य कोच आले आणि त्याची रवानगी लाइनमध्ये झाली. त्याने अंग भरलं, पण पाय पळणाऱ्याचेच ठेवले. २००७ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला पहिल्या फेरीत, २८ व्या क्रमांकावर उचललं. तिथे तो तेरा हंगाम टॅकल म्हणून खेळला आणि सहा वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी, निवडला गेला.

ज्या वर्षी स्टेली तिथून बाहेर पडला त्याच वर्षी त्याच कॉलेजात जे. जे. वॉट टाइट एंड म्हणून दाखल झाला. हंगामभर खेळला, आठ झेल घेतले. मग कोचनी त्यालाही तेच सुचवलं: टॅकल हो. तो नाही म्हणाला. स्कॉलरशिपवर पाणी सोडून आपल्या विस्कॉन्सिनला परतला, घरोघरी पिझ्झा पोहोचवायचं काम केलं, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, स्वतःच्या खर्चाने शिरला. २००८ चा सबंध हंगाम तो सामन्यात उतरला नाही. सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून दाखवणाऱ्या स्काउट टीममध्ये राबला. तिथे तो डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या फळीतला टोकाचा खेळाडू, झाला. २०११ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने त्याला ११ व्या क्रमांकावर घेतलं, आणि २०१२, २०१४ व २०१५ असं तीनदा तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

कॉलेज एकच, जागा एकच, सूचना एकच. उत्तरं अगदी उलट, आणि दोन्ही बरोबर. पण नीट बघ, टाइट एंड म्हणून दोघांपैकी कोणीच मोठा झाला नाही. वॉटने टॅकल नाकारला, पण बदल त्यानेही स्वीकारलाच. वजनही वाढवलं, ते बचावाच्या बाजूला. त्याच्याकडे झडप घालायचा स्वभाव होता, समोरच्याला थोपवून धरण्यापेक्षा उधळून लावण्यात त्याला रस होता, आणि तो ओळखून त्याने पाऊल टाकलं. तेव्हा तुला नाही म्हणायचं असेल तर "मला टाइट एंडच राहायचंय" एवढं कारण पुरणार नाही. कशासाठी नाही म्हणतोयस, ते मला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

शिवाय वॉटची वाट आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही. ६ जून २०२५ ला कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली, आणि ती स्वीकारलेल्या कॉलेजांना फुटबॉल संघात १०५ जणांची कमाल मर्यादा लागू झाली. आधी ८५ स्कॉलरशिप आणि वर हवे तितके वॉक-ऑन अशी रचना होती, त्यामुळे एकेका संघात सव्वाशे मुलं सहज असायची. ती वरची मुलं म्हणजेच वॉटसारखी मुलं. आता कोचला प्रत्येक नावाचा विचार करावा लागतो. स्प्रिंगला आकडा वर असला तरी हंगामाच्या पहिल्या सामन्यापर्यंत तो १०५ वर आणावा लागतो. तुमचं कॉलेजही या व्यवस्थेत आहे, म्हणून सांगते: सहा जणांच्या गर्दीतला मागचा टाइट एंड ही यादीतली सगळ्यात असुरक्षित जागा आहे, आणि चौथ्या क्रमांकाचा टॅकल ही बऱ्यापैकी भक्कम. टॅकल मिळत नाहीत. इतक्या उंचीची, इतक्या लांब हातांची आणि तरी पाय हलके असलेली माणसं जन्मालाच कमी येतात. म्हणूनच कोच दुसऱ्या जागांवरून ती शोधून आणतात. लेन जॉन्सन टेक्ससमधल्या किलगोर कॉलेजात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, होता. ओक्लाहोमा विद्यापीठात आल्यावर तो टाइट एंड झाला, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल, आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर फिलाडेल्फियाला गेला. जेसन पीटर्स अर्कान्सॉला टाइट एंड होता, २००४ मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंही नाही. पुढे तोही टॅकल झाला आणि नऊ वेळा प्रो बोलसाठी निवडला गेला.

ही नावं एनएफएलचं गाजर दाखवायला दिलेली नाहीत. तिथवर पोचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला तू पुढच्या तीन हंगामांत शनिवारी मैदानावर दिसायला हवा आहेस, कडेला टोपी घालून उभा नको आहेस, एवढंच.

दुसरा नियमही लक्षात घे. गेल्या वर्षीपर्यंत, म्हणजे २०२५ पर्यंत, एप्रिलमध्येही पोर्टलचं दार दहा दिवस उघडायचं. स्प्रिंग पटलं नाही तर मुलं निघून जायची, आणि कोचही एप्रिलमध्ये बाहेरून तयार माणूस आणून तुझ्या डोक्यावर बसवायचे. आता ते दार बंद झालं. यंदा २ ते १६ जानेवारी एवढाच काळ होता, तो संपला. म्हणजे आज तू जिथे आहेस तिथेच ऑगस्टमध्येही असणार, आणि टॅकलच्या यादीत आज जी नावं आहेत जवळजवळ तीच ऑगस्टमध्ये असणार. तुला पळता येणार नाही, हे खरं. पण त्यांनाही तुझी जागा भरायला बाजारात जाता येणार नाही. म्हणून या स्प्रिंगला मिळणारी प्रत्येक खेळी पूर्वीपेक्षा मोलाची आहे, आणि म्हणूनच कोचना प्रश्न विचारायची वेळ आत्ताची आहे, एप्रिलनंतरची नाही.

कोचना काय विचारायचं? पहिलं, हा प्रयोग आहे की निर्णय. स्प्रिंगनंतर जमलं नाही तर टाइट एंडकडे परत येता येईल का, आणि ते कोण ठरवणार. दुसरं, डावा टॅकल की उजवा. हे फार महत्त्वाचं आहे. एका बाजूचे पाय शिकायलाच महिना जातो. रोज बाजू बदलली तर तू दोन्हीकडे कच्चा राहशील आणि तुझा व्हिडिओ वाईट दिसेल. स्प्रिंगभर एकच बाजू मागून घे. तिसरं, वजन किती आणि कधीपर्यंत, त्यावर खाली सविस्तर लिहिते. आणि स्कॉलरशिप व पैशाच्या कराराचं जे काही असेल ते जागा बदलल्यावर तसंच राहणार ना, हे तोंडी नको, लेखी घे. बाबांना ते वाचायला दे. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. शांतपणे, वहीत लिहून नेऊन विचार. नीट विचारलेला प्रश्न कोचला आवडतो, असा माझा अनुभव आहे. उत्तर टाळणारा कोच भेटला तर तीही माहितीच आहे.

आता सरावाचं. स्प्रिंगचे सराव एकूण १५. पहिले काही नुसत्या हेल्मेटवर, मग पॅड चढतात, आणि पूर्ण आडवं पाडायची परवानगी त्यांतल्या काहीच दिवसांना असते. पंधरा हा आकडा लहान आहे. टाइट एंड म्हणून तू ब्लॉक करायचास ते पुढे घुसून. टॅकलला पास वाचवताना उलटं जावं लागतं: बाहेरचा पाय मागे टाकायचा, आतला त्याच्यामागे घसटत आणायचा, दोन पावलांमधलं अंतर कमी होऊ द्यायचं नाही, कंबर खाली, छाती वर, हात छातीसमोर तयार. आणि समोरून तुझ्याच उंचीचा, तुझ्याहून चपळ माणूस पळत येतोय. मन म्हणतं, आधीच धरू या. तिथेच फसशील. कबड्डीत कोपऱ्यावर उभा असलेला खेळाडू चढाईवाल्याने पाय पूर्ण टाकेपर्यंत दम धरतो आणि मग एकदाच पकड घालतो, तसं हे आहे. जो आधी झेपावतो त्याच्या हातून माणूस निसटतो. तुझ्या बाबांनी कबड्डी खेळली आहे, त्यांना अंगणात उभं करून बघ, ते तुला हे माझ्याहून चांगलं समजावतील.

पहिल्या आठवड्यात एकास एक पास-रशच्या, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवायच्या, ड्रिलमध्ये तू हरशील. हरणारच. ते ड्रिल मुळातच धावून येणाऱ्याच्या सोयीचं आहे. सामन्यात तुझ्या आतल्या अंगाला गार्ड असतो, क्वार्टरबॅक पुढे सरकतो, चेंडू अडीच-तीन सेकंदांत हातातून सुटतो. ड्रिलमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे सगळे ओरडत असतात, आणि तुझे जुने मित्र पलीकडे झेलांचा सराव करत असतात. त्या वेळी तिकडे बघू नकोस. संध्याकाळी मागच्या बाजूने घेतलेला व्हिडिओ मागून घे, त्यात पाय दिसतात. किती वेळा हरलो ते मोजू नकोस. पावलं कितव्या वेळी जवळ आली तेवढंच मोज. लाइनचे कोचही तेच बघतात. समोरचा निसटला तरी पाय बरोबर असतील तर त्यांच्या वहीत तुझी खूण चांगली पडते.

मीटिंगमध्ये सेंटरच्या, म्हणजे लाइनच्या मधल्या खेळाडूच्या, शेजारी बस. समोरच्या फळीत कोण कुठे आहे हे ओळखून कोणी कोणाला घ्यायचं, ते सगळ्या लाइनला मोठ्याने सांगणारा तोच असतो. टाइट एंड असताना तुला आपल्यापुरतं कळलं तरी चालत होतं. आता पाच जणांना एकच चित्र दिसावं लागतं, आणि ते चित्र सेंटरच्या डोक्यात असतं. त्याच्याबरोबर जेवायलाही जा. लाइनची मुलं एकत्र जेवतात, भरपूर जेवतात, आणि नव्या माणसाला पटकन आपलं म्हणतात.

पहिली संधी कुठे मिळेल तेही सांगते. एक-दोन यार्डच हवे असतील तेव्हा संघ सहावा लाइनमन आणतो, टाइट एंडच्या जागी उभा राहणारा जादा टॅकल. ती जागा तुला तोंडपाठ आहे. कोचना स्वतःहून सांग की त्या खेळींसाठी मी आत्ताही तयार आहे.

आता माझ्या टेबलावरचा विषय. तुझं वजन आज २४८ पौंड आहे, म्हणजे सुमारे ११२ किलो. कोच म्हणाले ऑगस्टपर्यंत २९० कर. हे मला मान्य नाही, आणि तुमच्याकडच्या आहारतज्ज्ञालाही मान्य नसणार, तिला भेट. आठवड्याला एक पौंड, फार तर दीड, एवढंच वजन अंगी लागतं. त्याहून घाईने चढवलेलं पोटावर बसतं, पाय जड होतात, आणि तुझे पाय जड झाले तर तुला टॅकल करण्यात अर्थच उरत नाही. ऑगस्टपर्यंत २७० आणि पुढच्या स्प्रिंगपर्यंत २८५, हा खरा आराखडा. कोचना आकडे घेऊन सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

त्यासाठी आजच्या खाण्यावर रोज साधारण पाचशे कॅलरी जास्त लागतील. सरावाच्या दिवशी थोड्या आणखी. प्रोटीन दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि ते एका जेवणात कोंबून चालत नाही. पाच वेळा, दर वेळी चाळीस ग्रॅम. आईला वाटतं की वरणात भरपूर प्रोटीन असतं. वाटीभर घट्ट वरणात आठ-दहा ग्रॅमच असतं. वरण-भात जरूर खा, वर तूपही घाल, तुला भाताची आणि तुपाची दोन्हींची गरज आहे, पण त्याच ताटात दोन मोठ्या तुकड्यांचं चिकन किंवा मासा हवा. तू बीफ खात नाहीस म्हणून अडायचं काही कारण नाही. अंडी, दूध, ग्रीक योगर्ट, पनीर, टर्की, मासे, एवढ्यावर मी याहून मोठी अंगं उभी केली आहेत. २०१४ पर्यंत कॉलेजांना खेळाडूंना किती वेळा जेवू घालायचं यावर नियमाची कात्री होती. तेव्हा रात्री उपाशी झोपणारी मुलं असायची. आता ती मर्यादा नाही, तुमचं डायनिंग सकाळपासून रात्रीपर्यंत तुझ्यासाठी उघडं आहे. तिथे जायचा कंटाळा केलास तर मला राग येईल.

सराव संपल्यावर भूक मरते, हे तुझं जुनं दुखणं. तेव्हा चावायचं काही नको. दूध, केळं, ओट्स, पीनट बटर एकत्र घुसळून पी. झोपण्यापूर्वी पुन्हा काहीतरी हवंच. आईला सांग, शेंगदाण्याचे लाडू करून पाठव. गूळ, शेंगदाणे, तूप, हे मी मुद्दाम लिहून देते आहे, खोलीत डबा ठेव आणि रात्री दोन खा, वर ग्लासभर दूध. चिप्स आणि सोड्याने वजन वाढवणारी मुलं जूनमध्ये आनंदात असतात आणि ऑगस्टच्या उन्हात धापा टाकतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घे. ही मी इतर मुलांना वेगळ्या पद्धतीने सांगते आणि तुला वेगळ्या, कारण तू आपल्या घरातला आहेस. तुझ्या आजोबांना मधुमेह होता, मामाला चाळिशीच्या आतच निघाला. भारतीय वंशाच्या माणसांना मधुमेह इतरांपेक्षा कमी वजनाला आणि कमी वयात गाठतो. त्यात कॉलेजच्या पहिल्याच हंगामात लाइनमनचा रक्तदाब वाढतो, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. मोठ्या अंगाच्या मुलांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही होतो, ती दिवसभर पेंगतात आणि सगळ्यांना वाटतं आळशी आहेत. म्हणून वजन चढवायला सुरुवात करण्यापूर्वी रक्ततपासणी कर: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल. रक्तदाबाची नोंद दर आठवड्याला ठेव. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोज. वजन वाढतंय आणि कंबर त्याहून वेगाने वाढतेय असं दिसलं तर मला कळव, आपण तिथेच थांबू. कोच काहीही म्हणोत. रूममेट म्हणाला की तू घोरायला लागलास, तर हसण्यावारी नेऊ नकोस, ट्रेनरना सांग.

आणि ज्या दिवशी फुटबॉल संपेल त्या दिवशी हे वजन उतरवायचं आहे, हेही आत्ताच ठरवून ठेव. क्लीव्हलँडचा टॅकल जो थॉमस खेळ सोडल्यावर पन्नासेक पौंडांनी उतरला. स्टेलीनेही अंग उतरवलं. कसं उतरवायचं ते आपण तेव्हा बघू, पण उतरवायचं हे नक्की.

राहिलं तुझ्या ८७ नंबरचं. ते सोडताना वाईट वाटणार, आणि वाटू दे. नियमाने लाइनच्या मुलांना ५० ते ७९ मधलाच नंबर घालावा लागतो, आणि तो नंबर घातला की पुढे फेकलेला पास झेलायचा हक्क संपतो. लहानपणी अंगणात तुझ्या हातात चेंडू आला की तू तो उशीखाली घेऊन झोपायचास, ते मी पाहिलेलं आहे. चेंडू हातात येण्याचा आनंद दुसऱ्या कशाने भरून निघेल असं मी तुला सांगणार नाही. तो गेला तर गेला. त्याच्या बदल्यात साठ-सत्तर खेळी, प्रत्येक सामन्यात, हे मिळेल. गेल्या हंगामात तुझ्या वाट्याला सगळे सामने मिळून किती आल्या ते तुला पाठ आहे.

आजीला टीव्हीवर तू कसा दिसणार, हा तिचा मोठा प्रश्न आहे. तिने आत्तापर्यंत चेंडूमागे डोळे फिरवले. आता तिला सांग: चेंडू सुटायच्या आधी कडेला वाकून उभा असलेला मोठा मुलगा बघायचा आणि खेळी संपेपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायची नाही. क्वार्टरबॅक उभा राहिला तर तुझ्या नातवाने काम केलं. आजी चाणाक्ष आहे, दोन सामन्यांत होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याची, चूक पंचाआधी ओळखेल.

स्प्रिंगच्या शेवटी, एप्रिलमध्ये, प्रत्येकाची कोचबरोबर स्वतंत्र भेट असते. त्या भेटीला जाताना आज काढलेला तो फळा पुन्हा मांडून ने. पंधरा सरावांत तुझं नाव टॅकलच्या यादीत कितव्या क्रमांकावर आलं, खांद्याची शस्त्रक्रिया झालेला मुलगा कधी परततोय, उन्हाळ्यात तू काय सुधारायचं, हे त्यांच्या तोंडून ऐक आणि तिथेच लिहून घे. पुढच्या जानेवारीत पोर्टल उघडेल तेव्हा तुला काही ठरवावं लागलंच, तर हेच कागद उपयोगी पडतील. टॅकल म्हणून वर्षभराचा व्हिडिओ हाताशी असलेल्या मुलाला दारं उघडी असतात. तसं काही करावं लागणार नाही, असं मला वाटतं.

उद्या कोचना भेटून आलास की मला फोन कर, कितीही वाजले तरी. सोमवारपासूनचा खाण्याचा तक्ता मी करून ठेवते आणि तुमच्या आहारतज्ज्ञालाही दाखवायला देते. त्यासाठी मला सकाळचं उपाशीपोटीचं वजन, रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि तुझं वर्गांचं वेळापत्रक पाठव. मंगळवार-गुरुवारची तुझी लॅब नेमकी दुपारच्या जेवणावर येते, त्या दोन दिवसांसाठी डबा सकाळीच भरून न्यावा लागेल, आणि तो कुठे ठेवायचा ते लॅबवाल्यांना आधी विचारून घे.

तुझी,
मावशी